तोरण्याचा दाखला आणि सोळा वर्षांचा मुलगा

'महाराजांनी सोळाव्या वर्षी तोरणा घेतला, आणि तुम्ही म्हणता सतराव्या वर्षी पोराला कळत नाही?' १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. तेव्हापासून हे वाक्य भाषणांत, चॅनेलच्या चर्चांत आणि मोबाइलच्या स्टेटसवर इतकं फिरलं आहे, की आता त्याला कुणी पुरावा मागत नाही. कल्याणीनगरला खेटून जाणारा नगर रस्ता वाघोली, लोणीकंद, पेरणे फाटा करत कोरेगाव भीमाला पोचतो. रस्ता सोडून थोडं आत गेलं की तुळापूर आणि वढू बुद्रुक. या पट्ट्यात इतिहास हा रोजच्या बोलण्याचा विषय आहे, त्यामुळे तोरण्याच्या दाखल्याला इथे वजनही जास्त. त्या दाखल्यातून दोन निष्कर्ष काढले जातात. एक, किशोरावस्था हे पाश्चात्त्यांनी काढलेलं लाडाचं खूळ आहे. पूर्वी मूल होतं आणि मग थेट कर्ता माणूस होता. दोन, म्हणून गुन्हा केलेल्या पोराला मोठ्या माणसासारखीच शिक्षा द्या, कायद्यातली अठराची अट चौदावर आणा. ही मागणी सत्तेतल्या नेत्यांच्या तोंडूनही आली आहे. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि पहिला चुकीचा आहे हे सांगायला परदेशात जायची गरज नाही. ज्या इतिहासाचा दाखला देतात त्याच इतिहासात थोडं थांबून पाहिलं तरी पुरे.

शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, तोरणा परंपरेनुसार १६४६ च्या आसपासचा. पण त्या सोळाव्या वर्षाच्या मागे जिजाबाई होत्या, दादोजी कोंडदेवांचा कारभार होता, जहागिरीची शिस्त होती आणि मावळातली मोठी, अनुभवी माणसं होती. दाखला देणारे किल्ला तेवढा उचलतात आणि सोळा वर्षांच्या मुलाभोवती उभी केलेली ही सगळी रचना तिथेच सोडून देतात. शिवाय एका असामान्य माणसाच्या सोळाव्या वर्षावरून सगळ्यांचं सोळावं वर्ष मोजायचं, तर ज्ञानदेवांनी पंधराव्या वर्षी ज्ञानेश्वरी सांगितली म्हणून दहावीच्या प्रत्येक मुलाकडून भाष्याची अपेक्षा करायला हवी. तसं कुणी करत नाही. शिक्षेची गोष्ट निघाली की मात्र अपवादाचा नियम होतो.

त्याहून बोलका दाखला थोरल्या माधवरावांचा आहे, आणि तो शिरूरच्या अंगणातला आहे. १७६१ मध्ये पानिपतानंतर नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांचा मुलगा पेशवा झाला. गादी त्याची, पण कारभारावर चुलत्याची, रघुनाथरावांची, देखरेख. म्हणजे राज्यानेच मान्य केलं होतं की या वयात अधिकार द्यायचा तो आधारासकट. पुढच्याच वर्षी काका-पुतण्यांत फाटलं, आणि नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदी-आळेगावच्या लढायांत सतरा वर्षांचा पेशवा हरला आणि चुलत्याच्या छावणीत स्वतः जाऊन स्वाधीन झाला. तिथे त्याचा निकाल लागला नाही. त्याला हरायची, गप्प बसायची, शिकायची सवड मिळाली. १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला तेव्हा तो अठराचा होता, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मराठी राज्य पानिपतातून सावरलं ते त्याच्यामुळे. त्याचा धाकटा भाऊ नारायणराव सतराव्या वर्षी गादीवर बसला, भोवती भरवशाचं कुणी उरलं नव्हतं, आणि ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात मारला गेला. तिसऱ्या बाजूला सवाई माधवराव. जन्मापासून पेशवा, पण नाना फडणवीसांच्या पहाऱ्यात एकविसाव्या वर्षापर्यंत मूल म्हणूनच वाढवलेला. १७९५ मध्ये वाड्याच्या सज्जावरून पडून गेला. एकाच घराण्यातले हे तिघे. यातून 'पूर्वी किशोरावस्था नव्हती' असं कसं निघतं? निघतं ते एवढंच, की ती तेव्हाही होती आणि तिच्याशी मोठी माणसं कशी वागली यावर पुढचं ठरत होतं.

'पाश्चात्त्य खूळ' या आरोपात एक कण खरा आहे, तो मान्य करून टाकू. १९०४ मध्ये स्टॅनली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने किशोरावस्थेवर दोन जाडजूड खंड लिहिले आणि हे वय म्हणजे वादळच असतं असं चित्र उभं केलं. ते चित्र अतिरेकी होतं. बहुतेक मुलं या वयातून फारशी आदळआपट न करता जातात, हे पुढच्या संशोधनाने दाखवलं. मार्गारेट मीड यांनी १९२८ मध्ये सामोआ बेटांवरच्या मुलींविषयी लिहिताना हॉल यांना उलट टोकाचं उत्तर दिलं, आणि पुढे त्यांच्यावरही टीका झाली. पण वादळ हा नियम नाही म्हणून टप्पाच नाही, हे बरोबर नाही. १९९१ मध्ये अ‍ॅलिस श्लेगेल आणि हर्बर्ट बॅरी यांनी औद्योगिकीकरणापूर्वीच्या दीडशेहून अधिक समाजांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा बालपण आणि प्रौढपण यांच्यामधला वेगळा सामाजिक काळ जवळजवळ सगळीकडे सापडला. आपल्याकडे त्यासाठी पुस्तक चाळायचीही गरज नाही. गडचिरोलीतल्या माडिया-गोंड गावांत गोटुल आहे: वयात आलेल्या मुलामुलींचं घर, त्यांचे नियम, त्यांची कामं, त्यांची गाणी. ज्या समाजाला शहरी माणूस मागास म्हणतो, त्या समाजाने या वयासाठी स्वतंत्र वास्तू बांधली. आपण बांधली ती अभ्यासिका, आणि तीही स्पर्धा परीक्षेसाठी.

महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासातला एक मोठा झगडा याच प्रश्नावर झाला होता, तो विसरला जातो. 'वयात आली म्हणजे बाई झाली' ही धारणा मोडायला बेहरामजी मलबारींनी १८८४ मध्ये टिपणं लिहिली. रखमाबाई अकराव्या वर्षी झालेलं लग्न मान्य नाही म्हणून कोर्टात उभ्या राहिल्या. संमतिवयाचा कायदा मार्च १८९१ मध्ये झाला, त्याने वय दहावरून अवघं बारा केलं, आणि त्यावरून पुणं पेटलं होतं. टिळक विरोधात, आगरकर आणि भांडारकर बाजूने. टिळकांचा मुख्य आक्षेप परक्या सरकारच्या हस्तक्षेपाला होता, हे नोंदवायला हवं. पण सुधारकांचा मुद्दा आजच्या शास्त्राच्या भाषेत सांगितला तरी तसाच राहतो: शरीर वयात येणं आणि माणूस मोठा होणं या दोन घटना एका दिवशी घडत नाहीत. आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी झालं, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. 'थेट कर्ता माणूस' या पद्धतीचा हिशेब करायचा तर अशी बाळंतपणंही त्यात धरावी लागतील.

आता पुरावा, आणि तोही घराजवळचा. कोरेगाव भीमापासून काही किलोमीटरवर वढू बुद्रुकला केईएम रुग्णालयाचं ग्रामीण केंद्र आहे. डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात तिथे काम उभं केलं, आणि २००२ पासून आसपासच्या बावीस गावांतल्या जन्म-मृत्यू-आजारांची घरोघर जाऊन सलग नोंद ठेवली जाते. केईएमच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. त्यांची बाळं वजनाने कमी, पण अंगावरच्या चरबीचं प्रमाण इंग्लंडमधल्या बाळांच्या मानाने जास्त, हे त्यातून जगाला कळलं. ती बाळं मोठी होत गेली आणि संशोधक त्यांच्या मागे चालत राहिले: सहाव्या वर्षी, बाराव्या, अठराव्या. २०१२ मध्ये याच मुलामुलींना, ती सतरा-अठराच्या घरात असताना, ब-१२ जीवनसत्त्व आणि सूक्ष्म पोषकं देण्याची चाचणी सुरू झाली. त्यामागचा तर्क साधा होता. बाई गरोदर राहिल्यावर पोषण सुधारायला गेलं तर उशीर झालेला असतो. पुढच्या पिढीच्या मधुमेहाची गाठ त्याआधी, या वयात बसते. जिथे मुलंमुली अठराची होईपर्यंत त्यांच्या रक्ताचा, हाडाचा, साखरेचा हिशेब इतक्या बारकाईने ठेवला गेला त्या जिल्ह्यात उभं राहून 'किशोरावस्था म्हणजे अमेरिकेची आयात' म्हणणं हे घरातला दिवा झाकून अंधाराची तक्रार करण्यासारखं आहे.

शरीराचं मान्य, पण अकलेचं काय? सोळा वर्षांच्या मुलाला चूक-बरोबर कळतं की नाही? कळतं, आणि इथेच सगळा वाद चुकीच्या जागी अडकला आहे. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा देशांत दहा ते तीस वर्षं वयाच्या पाच हजारांहून जास्त लोकांची तपासणी केली. त्या अकरांत भारत आहे. केनिया, जॉर्डन, चीन, फिलिपिन्सही आहेत. २०१९ मध्ये आलेला निष्कर्ष असा: शांतपणे, वेळ घेऊन विचार करण्याची क्षमता सोळाच्या सुमारास मोठ्यांच्या बरोबरीला येते, पण भावना तापलेल्या असताना स्वतःला आवरणं, सोबत्यांच्या दबावाला नाही म्हणणं, थरारापुढे परिणाम तोलणं ही क्षमता अठरानंतरही पिकत राहते. म्हणजे एकाच मुलात दोन घड्याळं आहेत आणि ती वेगवेगळ्या वेळा दाखवतात. स्टाइनबर्ग यांचाच २००५ चा एक प्रयोग आहे. संगणकावर गाडी चालवायचा खेळ, सिग्नल कधीही लाल होईल. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी दोन मित्र बसवले. तेरा ते सोळाच्या गटात मित्रांसमोर घेतलेला धोका एकट्यांच्या मानाने खूपच जास्त निघाला. चोविसाच्या पुढच्या माणसांना मित्र असले-नसले तरी फरक पडला नाही. प्रयोग अमेरिकेतला आहे खरा. पण सणसवाडीच्या चौकात संध्याकाळी कंपन्या सुटताना एका बाइकवर तिघं, नंबरप्लेट वाकवलेली, मागचा मोबाइल धरून व्हिडिओ काढतोय आणि चालवणारा कॅमेऱ्याकडे बघतोय, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या निष्कर्षाचं नवल वाटणार नाही. चालवणाऱ्याला वाहतुकीचे नियम विचारा, तो बिनचूक सांगेल.

यावर सगळ्यात सरळ आक्षेप हा: या वयातून सगळेच जातात, सगळे काही गाडीखाली माणसं घेत नाहीत की कोयता उचलत नाहीत, मग वय हे कारण कसं? आक्षेप बरोबर आहे आणि त्याचं उत्तर माझ्या मुद्द्यालाच बळ देतं. वय धोका वाढवतं; धोका प्रत्यक्षात उतरतो तो भोवतालामुळे. ज्या मुलाच्या हाती किल्ली दिली जात नाही तो तितकाच उतावळा असूनही कुणाला मारत नाही. जानेवारी २०१८ चंच पाहा. १ तारखेला कोरेगाव भीमा आणि आसपास जो हिंसाचार झाला त्याचा दोष कुणाचा, हे ठरवायला न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा आयोग नेमला गेला. त्या वादात इथे शिरायचं नाही. पण ३ तारखेच्या बंदनंतर राज्यभर झालेल्या धरपकडीत अल्पवयीन मुलं होती, हे त्या वेळच्या बातम्यांत आहे. दगड कुठल्या बाजूचा होता यावर इथल्या दोन घरांचं एकमत होणार नाही. पण गर्दीत पुढे पंधरा-सोळाची पोरं असतात आणि त्यांना बोलावणारा मेसेज चाळिशीतल्या माणसाने लिहिलेला असतो, यावर होईल. आपले सगळेच पक्ष, सगळ्याच संघटना या वयाचं शास्त्र कोळून प्यायल्या आहेत. मित्रांच्या घोळक्यात सोळा वर्षांचा मुलगा काय करू शकतो हे त्यांना स्टाइनबर्गपेक्षा आधी कळलं होतं. जबाबदारी ठरवायची वेळ आली की मात्र त्यांनाच तोरणा आठवतो.

मुलींच्या बाबतीत हा सोयीचा हिशेब आणखी उघडा पडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायांपैकी जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. शिरूर-दौंडच्या उसाच्या फडावर मराठवाड्यातून जी जोडपी येतात, त्यांत हे प्रमाण काय असेल याचा अंदाज कोपीत डोकावलं की येतो. कोयत्यावर उचल दोघांच्या नावावर मिळते, मागे गावी पोर एकटी ठेवायची भीती वाटते, म्हणून सोळाव्या वर्षी 'उरकून टाकतात'. इथवर ती बाई आहे: फडात मोळी उचलेल, चूल पेटवेल, पोर सांभाळेल. पण हीच सोळा वर्षांची मुलगी 'मला कॉलेज करायचंय' म्हणाली, किंवा कुणाशी बोलताना दिसली, की ती 'अजून लहान आहे, तिला काय कळतंय'. आणि तिचा सोळा वर्षांचा भाऊ कोर्टात उभा राहिला तर तो मोठा. वयाची ही मोजपट्टी मुलाबाळांच्या वाढीकडे बघतच नाही. ती बघते मोजणाऱ्याच्या गरजेकडे. किशोरावस्था हा खराखुरा टप्पा मानला की ही सवलत जाते, आणि मला वाटतं 'खूळ' म्हणून तिला झटकण्यामागचं खरं कारण हेच आहे. मग मुलीला शाळा-कॉलेज, जोडीदार, औषधोपचार अशा सवडीने करायच्या निर्णयांत आवाज द्यावा लागेल, कारण शांत विचाराची क्षमता तिच्यात आलेली आहे. आणि मुलाच्या हातून तापल्या क्षणी घडलेल्या गोष्टीचा न्याय करताना आवरण्याची क्षमता अपुरी होती हे धरावं लागेल.

कायद्याकडे येऊ. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलग्यांसाठी वयाची मर्यादा सोळा होती, २००० मध्ये ती अठरा झाली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर संताप उसळला आणि २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठराच्या मुलांना निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून उभं करण्याची वाट उघडली. त्यासाठी बाल न्याय मंडळाने आधी पाहायचं ते काय? मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची ताकद, गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला. प्रत्यक्षात जोर मधल्या मुद्द्यावर येतो: याला परिणाम समजत होते का? एखाद्या खोलीत शांत बसवून, गुन्ह्यानंतर काही आठवड्यांनी हे विचारलं तर सोळा वर्षांचा जवळजवळ प्रत्येक मुलगा 'हो' म्हणेल. जे घड्याळ बरोबर चालतं तेवढंच तपासलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ च्या एका निकालात ही तपासणी नाजूक आहे, तिला मानसशास्त्राचे जाणकार हवेत, असं बजावलं आणि मार्गदर्शक सूचना करायला सुचवलं. सूचना आल्या. तालुक्या-जिल्ह्याच्या पातळीवर जाणकार कुठून येणार, हा प्रश्न तसाच आहे.

पण मेलेल्यांचं काय? हा आक्षेप टाळून जाणं लबाडी ठरेल. कल्याणीनगरच्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि अटीत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध सांगितला गेला, तेव्हा लोक चिडले ते योग्यच होतं. तो आदेश म्हणजे किशोरवयाची समज नव्हती. ती चेष्टा होती. किशोर समजून घेणं म्हणजे सोडून देणं, हा समज त्या एका निबंधाने इतका पक्का केला की आता बाल न्यायाच्या बाजूने बोलणाऱ्याला पहिली दहा मिनिटं निबंधाचाच खुलासा करावा लागतो. माझा दावा वेगळा आहे. या वयाच्या गुन्हेगाराला लगेच, सलग आणि अंगाला लागेल अशी जबाबदारी हवी, पण प्रौढांच्या तुरुंगाबाहेर. कारण निव्वळ हिशेबी आहे. अमेरिकेत मुलांना प्रौढांच्या कोर्टात पाठवण्याचा प्रयोग राज्याराज्यांत झाला. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केलेल्या २००७ च्या आढाव्यात असं दिसलं की तिकडे पाठवलेली मुलं बाल न्यायात ठेवलेल्या मुलांपेक्षा सुमारे ३४ टक्के जास्त वेळा पुन्हा पकडली गेली. म्हणजे आजचा संताप शमतो आणि उद्याचा बळी वाढतो. शिवाय 'अल्पवयीनांनी धुमाकूळ घातलाय' या ओरडीला आकड्यांचा आधार बेताचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशभरात मुलांवर ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. त्या वर्षीचे एकूण गुन्हे ५८ लाखांवर होते. हजारात पाच. कल्याणीनगर प्रकरणात मुलाला प्रौढ मानावं ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, आणि त्यावर पुन्हा ओरड झाली. मुलाच्या रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि आईवडिलांना अटक झाली होती, ते सगळे प्रौढ होते. त्यांच्यासाठी वय खाली आणायची गरज नव्हती.

शेवटचा आक्षेप पुण्यातल्या कोयता टोळ्यांचा: कायदा सौम्य आहे म्हणूनच टोळीवाले पोरांना पुढे करतात. करतात, खरं आहे. पण मर्यादा चौदावर आणली तर ते तेरा वर्षांचा शोधतील. बाजाराचा नियम आहे तो. पोरांना वापरणाऱ्या प्रौढासाठी बाल न्याय कायद्याच्या ८३ व्या कलमात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, अशी तरतूद आहे. याच राज्यात कडक दारूसाठी वयाची अट पंचवीस आहे. म्हणजे आवरण्याची ताकद विशीत पिकते हे सरकारने उत्पादन शुल्काच्या खात्यात फार पूर्वीच मान्य केलं आहे. वाघोलीपासून शिक्रापूरपर्यंत रोज संध्याकाळी बिनपरवाना पोरांच्या हाती ज्या गाड्या दिसतात, त्यांची नोंदणी कुणाच्या ना कुणाच्या नावावर असते. चौदाची मागणी करणाऱ्यांनी आधी शिरूर, दौंड आणि हवेलीच्या ठाण्यांतून एवढंच मागवून घ्यावं: या दोन कलमांखाली आजवर किती मोठी माणसं कोर्टासमोर उभी केली?